शंकेचा माल

सुमनताई केंद्रे इंग्रजी वाचतात ते बोट ठेवून. एकेका शब्दाखालून बोट सरकतं, ओठ हलतात, ओळ संपली की बोट पुन्हा डावीकडे येतं. अंबाजोगाईच्या शाळेत दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेल्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची, असं म्हणणारे कुरुळीच्या ‘चिमाजी प्रेसपार्ट्स’मध्ये बरेच होते. त्यातले बहुतेक जण मेलची पहिली ओळ वाचून सगळा मेल वाचल्याचं पुण्य पदरात पाडून घेणारे होते, ही गोष्ट वेगळी.

चिमाजी प्रेसपार्ट्स म्हणजे सहा प्रेस, चाळीस माणसं आणि मोटारीच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट. सगळा माल जातो एकाच ठिकाणी, चाकणच्या मोठ्या कंपनीत. त्या कंपनीचं नाव इथे कोणी घेत नाही. नुसतं ‘कंपनी’ म्हटलं की भागतं. मालक बबनराव जुन्या शेतकरी घरातले. वडलांची, म्हणजे चिमाजींची, जमीन कंपनीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी बंगला बांधायच्या आधी पहिला प्रेस घेतला. त्यामुळे गावात त्यांना आधी येडा म्हणत आणि आता शेठ म्हणतात.

सुमनताई या कारखान्यात आल्या त्याला अठरा वर्षं झाली. नवरा आकुर्डीला फिटर, घर तिथेच. पहिली सहा वर्षं त्यांनी पॅकिंगला उभं राहून काढली. मग एकदा त्यांनी पत्र्याचं एक आख्खं बंडल नुसत्या हातानं चाचपून पातळ आहे म्हणून सांगितलं, बबनरावांनी ते मोजून घेतलं, ते खरंच पातळ निघालं, आणि दुसऱ्या दिवशी सुमनताई स्टोअरच्या टेबलावर बसल्या. तेव्हापासून गेटमधून आत येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जाते. पत्रा असो, रंग असो, ऑइलचा डबा असो. त्यांचे चार प्रश्न ठरलेले: आपण मागवलं होतं का? पाठवलं कोणी? सोबत चलन आहे का? मापात बसतं का? चारातल्या एकालाही ‘नाही’ आलं की मालाला लाल पट्टी लागते आणि तो बाजूला जातो. मग पाठवणारा कितीही मोठा असो, हात जोडो की आवाज चढवो, पट्टी निघत नाही. या कामाचा सुमनताईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्याच टेबलावर एक कॉम्प्युटर होता. कंपनीच्या पोर्टलवर जाऊन रोजच्या टेम्पोचा गेटपास काढायचा, एवढंच त्याचं काम. पण गेटपास नसला की टेम्पो गेटवर उभा, आणि टेम्पो उभा राहिला की कंपनीची लाइन उभी. म्हणजे एवढ्याशा कॉम्प्युटरवर चाळीस घरांच्या चुली अवलंबून होत्या.

आता ‘डन सर’ची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कंपनीला माल देणाऱ्या त्रेपन्न जणांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. कंपनी वर्षाअखेरीला सगळ्यांना मार्क देते, आणि सांगितलेलं काम किती लवकर केलं यालाही त्यात मार्क असतात. त्यामुळे ग्रुपवर सूचना पडली रे पडली की ‘डन सर’ आणि जोडलेले हात, यांचा पाऊस. काम झालेलं असायचंच असं नाही. किंबहुना बऱ्याचदा ते सुरूही झालेलं नसायचं. आधी डन लिहायचं, मग सवडीनं करायचं, ही या पट्ट्यातली रीतच पडून गेली होती, आणि पहिला डन कोणाचा यावर चहाच्या टपरीवर पैजा लागत. बबनरावांचा मुलगा अजिंक्य या खेळात पटाईत होता. एमबीए झालेला, वाकडला अकराव्या मजल्यावर राहणारा, अंगठा बिजलीसारखा. पहिल्या पाचांत त्याचा डन नाही असं कधी झालं नव्हतं.

त्या बुधवारी सकाळी दहा वाजता मेल आला. वर कंपनीचं चिन्ह, खाली लाल अक्षरांत ‘सर्व व्हेंडरसाठी तातडीचं सिक्युरिटी अपडेट’. ग्रुपवर भोसरीच्या एका मोठ्या कारखानदारानं लिहिलं, “सगळ्यांनी मेल बघा, अर्जंट आहे,” आणि पुढच्याच क्षणी त्याचाच ‘डन सर’. मग काय, मेंढरामागे मेंढरं. अजिंक्यचा डन तिसरा होता.

पावणेअकराला अजिंक्य कारखान्यात पोचला आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत स्टोअरमध्ये आला.

“सुमनताई, तो अपडेटचा मेल आलाय ना? टाकून द्या पटकन.”

“वाचायलेय दादा.” बोट चौथ्या ओळीवर होतं.

“त्यात वाचायचंय काय? सोबतची फाइल उघडायची, यस यस दाबायचं. मी ग्रुपवर डन लिहिलंय.”

“कुठून लिहिलं?”

“नाशिक फाट्यावरून. सिग्नलला.”

“आन् मशीन तर हितं हाय.”

मागे रंगाचे डबे मोजणारा टेम्पोवाला खंडू खुदकन हसला. अजिंक्यनं त्याच्याकडे पाहिल्यावर तो पुन्हा डबे मोजायला लागला.

सुमनताईंनी मान वर केली. “दादा, ह्यात लिवलंय, नवीन व्हायरस यायलाय, त्यापासून वाचायला ही फाइल टाका. बरं. पन खाली लिवलंय, टाकायच्या आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करा. असं कामून? राखणीला आलेला मानूस आधी कुत्रं बांधा म्हणतो का?”

“तो अडथळा आणतो म्हणून. टेक्निकल असतं ते.”

“आन् कंपनी असं मेलमधून कधी पाठवती? तिचं काय असलं तर पोर्टलवर येतं. पोर्टलवर तर काहीच न्हाई. आपन मागवलं न्हाई, चलन न्हाई, कोनी पाठवलं ते ठाव न्हाई. मी न्हाई उघडनार.”

अजिंक्यचा चेहरा तापला. तसा तो वाईट नव्हता. पण डन लिहून झालेला होता आणि आता तो खरा करणं भाग होतं. “हा पत्रा नाहीये, सुमनताई. कॉम्प्युटर आहे. एक वाजता पोर्टल बंद होणारे, ते पण त्यातच लिहिलंय. खंडूचा टेम्पो आज गेटवर अडला ना, तर शुक्रवारपासून तुम्ही परत पॅकिंगला. उद्या सुट्टी म्हणून एक दिवस जास्त मिळतोय एवढंच.”

हे बोलणं सुमनताईंना लागलं. बारा वर्षांचं टेबल, त्याच्यावरची चकचकीत मापं, ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेलं फडकं, सगळं एका वाक्यात गेलं. त्या पुन्हा मेलकडे वळल्या, कारण काहीतरी करायला हवं होतं. बोट शेवटच्या ओळीवर गेलं. सगळ्यांनी सोडून दिलेली, बारीक अक्षरांतली ओळ होती ती. सुमनताईंनी ती दोनदा वाचली.

“दादा, तुमी आत्ता काय म्हनलात? उद्या सुट्टी?”

“मग? गुरुवार नाही का उद्या?”

“हितं लिवलंय, रविवारी कंपनीची साप्ताहिक सुट्टी असल्यानं मदत मिळनार न्हाई, म्हणून आजच टाका.” त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “कंपनीला रविवारची सुट्टी कधी झाली?”

पिंपरीपासून चाकणपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट. बाकीच्या जगाचा रविवार तो आपला गुरुवार. साखरपुडे गुरुवारी, केस कापायला गर्दी गुरुवारी, मटणाच्या दुकानापुढे रांग बुधवारी संध्याकाळी, कारण गुरुवारी कित्येकांचा उपास. कंपनीत पंधरा दिवस काम केलेला माणूससुद्धा ‘रविवारी सुट्टी’ असं लिहिणार नाही.

अजिंक्यनं वाकून स्क्रीनकडे पाहिलं. “हेड ऑफिसनं पाठवलं असेल. तिथे रविवार असतो.”

असूही शकत होतं. सुमनताईंनाही ते नाकारता येईना. तेवढ्यात आवाज ऐकून बबनराव आत आले. खांद्यावर टॉवेल, हातात चष्मा. मुलानं घाईघाईनं सगळं सांगितलं, सुमनताईंनी सावकाश सांगितलं. बबनरावांनी दोन्ही ऐकून घेतलं.

“ताई, तुमाला खात्री हाय, ह्यो मेल खोटा हाय म्हनून?”

“खात्री न्हाई शेठ. शंका हाय.”

“शंकेवर आपन काय करतो?”

“बाजूला ठिवतो. पाठवनाऱ्याला इचारतो. तोवर आत घेत न्हाई.”

“पप्पा, एक वाजता पोर्टल बंद झालं तर?” अजिंक्य म्हणाला. “नवीन ब्रॅकेटची ऑर्डर पुढच्या महिन्यात ठरणारे. त्रेपन्न जणांत आपण एकटेच मागे राहिलो तर मार्क जातील.”

बबनरावांना हे पटत होतं, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. ते खुर्चीवर बसले, टॉवेलानं मान पुसली. “ज्या जागेवर कंपनीचं गेट हाय ना, तिथं आमचा शाळू व्हायचा. कंपनी उभी ऱ्हायली तवापास्नं बगतोय, सुट्टी गुरुवारची. मालकाच्या पोरीचं लगीन असलं तरी गुरुवारचीच. न्हाई उघडायचा ह्यो मेल. ताई, तुमी कंपनीला फोन लावा. अन् ग्रुपवर टाका, आमी हे घातलेलं न्हाई म्हनून.”

“पप्पा! मी डन लिहिलंय तिथे. सगळ्यांनी पाहिलंय.”

“मग आता सगळे ह्ये बी बगतील.”

सुमनताईंनी मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला नाही. ज्यानं खोटा माल पाठवला असेल तो आपल्या चलनावर खरा पत्ता कशाला लिहील? त्यांनी कपाटातून कंपनीची जुनी ऑर्डर काढली, तिच्यावरचा नंबर फिरवला, आणि कॉम्प्युटर विभाग मागितला. तिथल्या विजयश्री मॅडम मीटिंगमध्ये आहेत, निरोप देतो, असं उत्तर आलं. मग त्यांनी मोबाइल घेतला आणि ग्रुपवर मराठीत लिहिलं: “चिमाजी प्रेसपार्ट्समध्ये हे अपडेट टाकलेलं नाही. कंपनीनं पाठवलंय याची खात्री होईपर्यंत टाकणार नाही. सुमन केंद्रे, स्टोअर.” अजिंक्यच्या डनबद्दल त्यांनी अवाक्षर लिहिलं नाही. लिहिता आलं असतं.

ग्रुपवर आधी भोसरीवाल्याचा हसणारा चेहरा. मग कोणीतरी लिहिलं, “आता स्टोअरकीपर कंपनीला शिकवणार.” मग आणखी सात-आठ हसरे चेहरे. अजिंक्य उठून केबिनमध्ये गेला आणि दार लावून बसला.

बारा वाजले. खंडूनं टेम्पो भरायला घेतला. सुमनताईंनी गेटपास आधीच काढून त्याच्या हातात दिला आणि भरून झाला की निघायला सांगितलं. साडेबारा झाले. फोन नाही. सुमनताईंच्या डब्यातली भाकरी तशीच राहिली. खोटं कशाला सांगा, त्या घाबरल्या होत्या. आपण बरोबर असू पण एक वाजता खरंच पोर्टल बंद झालं तर, आपण चूक असलो तर, चाळीस माणसांपुढे मान खाली घालून पॅकिंगला जायचं तर, असे सगळे ‘तर’ त्यांच्या डोक्यात फिरत होते. पण पट्टी काढावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

एकला पाच कमी असताना फोन वाजला.

“मी विजयश्री बोलतेय. तुम्ही कोणत्या अपडेटबद्दल विचारताय?”

सुमनताईंनी मेल वाचून दाखवला. बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, “आम्ही असं काहीही पाठवलेलं नाही. तुम्ही ते उघडलं नाही ना?”

“न्हाई मॅडम.”

“अजून कोणाकोणाला आलाय?”

“त्रेपन्न जनांना. बाकी बावन्न जनांनी डन लिवलंय.”

मॅडमच्या तोंडून जे निघालं ते शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं, पण प्रसंगाला शोभणारं होतं.

दोन वाजेपर्यंत पट्ट्यात हाहाकार उडाला. ज्यांनी ती फाइल खरंच उघडली होती त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या ड्रॉइंगना, बिलांना, सगळ्याला कुलूप लागलं. वर त्यांच्या नावानं तोच मेल पुढच्यांना जायला लागला. कंपनीनं आपल्या दाराची कडी घातली. चिमाजी सोडले तर डन लिहिलेल्या एकालाही पोर्टल उघडेना, एकाचाही टेम्पो आत जाईना. अडीचला खंडूचा फोन आला. मागे हॉर्नचा कल्ला होता.

“ताई, हितं तीस-पस्तीस गाड्या लागल्यात. पार हायवेपतुर. वॉचमननं नाव इचारलं, चिमाजी म्हनलं, तर म्हनला एकटाच जा आत. सगळे माझ्याकडं बगत व्हते राव. म्या काच खाली करून ऐटीत गाडी घातली!”

सुमनताईंनी फोन ठेवला, ड्रॉवरमधून फडकं काढलं आणि आधीच चकचकीत असलेली मापं पुन्हा पुसायला घेतली. पुसता पुसता त्या हसत होत्या. बबनराव येऊन समोर उभे राहिले.

“ताई, ह्ये टेबल तुमचंय. म्या असेपतुर अन् म्या नसलो तरी. कोन काय बोललं आसंल त्ये ध्यानात ठिवू नका.”

कोण बोललं होतं ते दोघांनाही माहीत होतं. अजिंक्य केबिनच्या दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

गुरुवार सुट्टीचा गेला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता कंपनीच्या कँटीनच्या हॉलमध्ये विजयश्री मॅडमनी त्रेपन्न जणांना बोलावलं. बबनरावांनी सुमनताईंना गाडीत पुढे बसवलं, अजिंक्य मागे बसला. त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. हॉलमध्ये सगळे मालक, मोठाल्या गाड्यांतून उतरलेले, आणि आज सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

मॅडम उभ्या राहिल्या. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. म्हणाल्या, “माझ्याकडे चार माणसं आहेत. तुम्ही बावन्न जणांनी डन लिहिलंय. प्रत्येक ठिकाणी जाऊन प्रत्येक कॉम्प्युटर खोलून बघायचा तर दहा दिवस लागतील. दहा दिवस लाइन बंद. पण मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या सगळ्यांनी ते खरोखर टाकलेलं नाही. ज्यांनी नुसतं डन लिहिलं, त्यांची झटपट तपासणी करून आज संध्याकाळपर्यंत गाड्या सोडता येतील. कोण आहेत ते सांगा.”

सांगणार कोण? सांगायचं म्हणजे कंपनीच्या तोंडावर कबूल करायचं, की आम्ही खोटं लिहिलं. आणि एकदा खोटं लिहिलं तर आधीची किती खोटी होती, हा पुढचा प्रश्न आलाच. ज्यानं प्रामाणिकपणे फाइल टाकली तो बुडाला होता, ज्यानं थाप मारली तो वाचला होता, आणि आता वाचलेलाच तोंड उघडायला तयार नव्हता. भोसरीवाला छताचा पंखा बघत होता.

मॅडमनी सुमनताईंना पुढे बोलावलं. “तुम्ही काय केलं ते सांगा यांना.”

सुमनताईंनी पदर सारखा केला. “मी काही येगळं केलं न्हाई. रोज गेटवर करते तेच केलं. मागवलं व्हतं का, कोनी पाठवलं, चलन हाय का. मला इंग्रजी लवकर वाचता येत न्हाई, म्हणून सगळं वाचावं लागतं. शेवटच्या ओळीत रविवारची सुट्टी लिवली व्हती.” हॉलमध्ये एक कण्हल्यासारखा आवाज उठला. बावन्न जणांपैकी एकानंही ती ओळ वाचली नव्हती. “आता माझं एकच म्हननं हाय. ज्यांनी टाकलं न्हाई त्यांनी सांगा. तुमच्याकडं बी पॅकिंगला बाया हायत. दहा दिवस बंद म्हंजे त्यांचं काय?”

तरी कोणी हललं नाही. सुमनताई तशाच उभ्या राहिल्या.

मग चौथ्या रांगेत खुर्ची सरकली. अजिंक्य उभा राहिला. त्याला उठायची काही गरज नव्हती. त्यांचा टेम्पो बुधवारीच आत गेला होता, त्यांचं पोर्टल चालू होतं, नाव झालं होतं ते वेगळंच.

“मी अजिंक्य, चिमाजी प्रेसपार्ट्स,” तो म्हणाला. कान लाल झाले होते. “बुधवारी तिसरा डन माझा होता. मी नाशिक फाट्यावर सिग्नलला उभा होतो. मेल मी उघडलाही नव्हता. वर सुमनताईंनी ते टाकायला नकार दिला तर मी त्यांना पॅकिंगला पाठवायची धमकी दिली. कारण माझं खोटं मला खरं करायचं होतं. चूक माझी होती, ताईंची नव्हती.”

तो बसला नाही. हात वर करून उभाच राहिला.

पाठीमागून एक हात वर आला. मग डावीकडून दोन. मग एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांचा. पंख्याकडे बघणाऱ्या भोसरीवाल्याचाही आला, कोपरातून वाकलेला, पण आला. विजयश्री मॅडम भराभर नावं लिहून घेत होत्या. सत्तावीस झाली.

बबनराव मुलाकडे बघत होते आणि त्यांना टॉवेल सापडत नव्हता. सुमनताई पुढून चालत चौथ्या रांगेपाशी आल्या. बुधवारपासून मनात सलत असलेलं काहीतरी त्यांना आता सापडेना. स्वतःचा अभिमान त्यांना बुधवारीच वाटून झाला होता. आजचा वेगळा होता, तो छातीत मावेना, म्हणून त्यांनी तो सगळ्यांसमोर बोलून टाकला.

“शाबास दादा. हात खाली घ्या आता. त्यांनी लिवलंय तुमचं नाव.”